आवाज ओळखीचा, नाव अनोळखी

पुण्यात गाणाऱ्याचं नाव घेण्याची रीत जुनी आहे. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात मुख्य गायकाबरोबर तबल्यावर कोण, पेटीवर कोण, इतकंच नव्हे तर मागे तानपुरा धरून बसलेले शिष्य कोण, हेही निवेदक सांगतो. कोणता राग झाला, बंदिश कोणत्या तालात होती, याची दखल वर्तमानपत्रं घेतात आणि वाचक ती चवीनं वाचतात. याच शहरात अनंत चतुर्दशीला लाखो माणसं रस्त्यावर येतात. मानाच्या पाच गणपतींपुढे ढोल-ताशा वाजतो. रात्र चढली की टिळक रस्त्यावरून, कुमठेकर रस्त्यावरून डॉल्बीच्या भिंती सरकू लागतात, मध्यरात्री कायद्यानं आवाज बंद होतो आणि पहाटे सहाला पुन्हा सुरू होतो. मिरवणूक २४ तासांच्या पुढे जाते. त्या गर्दीत पुन्हा पुन्हा लागणारी चार-दोन गाणी लहान पोरालाही पाठ असतात. पण ती गायली कोणी, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. नाचाच्या गाण्याची गायिका ही आपल्याकडची सर्वांत जास्त ऐकली जाणारी आणि सर्वांत कमी ओळखली जाणारी कलावंत आहे. नाच हलका म्हणून असं होतं, हे उत्तर सोयीचं असलं तरी खरं नाही. गाणं ज्या वाटेनं लोकांपर्यंत पोचतं त्या वाटेवर तिचं नाव गळून पडतं. ते पुन्हा जोडता येतं, कायद्यानं तो तिचा हक्कच आहे, आणि सुरुवात ऐकणाऱ्यांनी करायची आहे.

वैशाली सामंत यांची कारकीर्द या दृष्टीनं नीट पाहण्यासारखी आहे. २००१ मध्ये आलेल्या ‘लगान’मधल्या कृष्ण-राधेच्या गाण्यात आशा भोसले आणि उदित नारायण यांच्याबरोबर त्यांचा आवाज आहे. पुढच्याच वर्षी ‘साथिया’मध्ये चार गायिकांनी मिळून गायलेल्या लग्नाच्या गाण्यात त्या आहेत. दोन्हींना संगीत ए. आर. रहमान यांचं. हिंदीत एखाद्या नव्या गायिकेला याहून चांगली सुरुवात क्वचितच मिळते. तरीही महाराष्ट्रानं त्यांना ओळखलं ते २००२ मध्ये सागरिका कंपनीनं काढलेल्या ‘ऐका दाजिबा’ या अल्बममुळे. संगीत अवधूत गुप्ते यांचं. तोपर्यंत मराठीत चित्रपटाबाहेरचं गाणं म्हणजे एकीकडे भावगीत आणि भक्तिगीत, दुसरीकडे कॅसेटवरची लोकगीतं आणि भीमगीतं, असा साधारण हिशोब होता. ‘दाजिबा’नं लोकगीताचा बाज, पाश्चात्त्य ठेका आणि चकचकीत व्हिडिओ एकत्र आणला. मिलिंद गुणाजी आणि इशिता अरुण यांच्यावर चित्रित झालेला तो व्हिडिओ देशभरच्या संगीतवाहिन्यांवर दिसू लागला आणि मराठीचा एक शब्दही न कळणाऱ्या मुलांनी त्यावर ताल धरला. जगात ज्याला डान्स-पॉप म्हणतात, म्हणजे ठाशीव ठेका, सोपा मुखडा आणि नाचण्यासाठीच केलेली रचना, त्याचा मराठीतला हा पहिला मोठा विजय म्हणायला हरकत नाही.

त्या विजयात चेहरा इशिता अरुणचा होता, हे मात्र लक्षात घ्यायला हवं. त्यात कोणाचाही दोष नाही, व्हिडिओचं माध्यमच तसं आहे. अल्फा मराठी १९९९ मध्ये सुरू झाली होती, पाठोपाठ ई टीव्ही मराठी आली, हिंदी संगीतवाहिन्या चोवीस तास चालत होत्या. गाणं आधी दिसायचं, मग ऐकू यायचं. पडद्याच्या कोपऱ्यात काही क्षण उमटणारी नावांची पाटी वाचून होण्याआधी पुसली जायची. वैशाली सामंत यांचं नाव या गाण्यानं झालं, कारण अल्बमवर ते होतं आणि मराठी वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली. तरी गाणं जिथवर पोचलं तिथवर नाव पोचलं नाही, आणि पुढे हे अंतर वाढतच गेलं.

२००६ चा ‘जत्रा’ घ्या. केदार शिंदे यांचा चित्रपट, अजय-अतुल यांचं संगीत, भरत जाधव आणि क्रांती रेडकर यांच्यावर चित्रित झालेलं ‘कोंबडी पळाली’, आणि गळे आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांचे. गेल्या वीस वर्षांत या गाण्याशिवाय मराठी हळद किंवा वरात पार पडली असेल, तर ती अपवाद म्हणावी लागेल. २०१२ मध्ये ‘अग्निपथ’साठी अजय-अतुल यांनी हीच चाल ‘चिकनी चमेली’ म्हणून पुन्हा बांधली, श्रेया घोषाल यांनी ती गायली, कतरिना कैफ त्यावर नाचली आणि चाल देशाची झाली. एकच चाल, तेच संगीतकार आणि दोन निरनिराळे गळे, असा नमुना सहसा मिळत नाही. गाणाऱ्याचं त्यात किती असतं हे जोखायचं असेल, तर ही दोन गाणी लागोपाठ ऐकावीत. श्रेया घोषाल यांचं गाणं रेखीव आहे. हरकत घोटून घेतलेली, श्वासाची जागा ठरलेली, मोठ्या पडद्याचं भान प्रत्येक ओळीत. वैशाली सामंत यांचा गळा त्याच चालीत मोकळा सुटतो. बोलीतला ठसका तसाच ठेवतो आणि समोर आनंद शिंदे यांचा रांगडा आवाज असल्यानं तिथे सवाल-जवाबाची रंगत येते. मुखड्यातल्या दोनच शब्दांचे उच्चार ऐका. ‘कोंबडी’तला ड आणि ‘पळाली’तला ळ ही कठीण व्यंजनं त्या अशी फेकतात की ती ठेक्यावरचे ठोकेच होतात. ढोलकीवाल्यानं बोटानं काढावा तसा आघात इथे जिभेनं निघतो. हिंदी शब्दांत ळ नाही, म्हणून श्रेया घोषाल यांना दुसरी वाट शोधावी लागली आणि त्यांनी ती शोधली. चाल एकच असूनही दोन गाण्यांचा स्वभाव वेगळा झाला तो गाणारीमुळे.

हे कसब सोपं वाटतं, कारण ते लपवायचं असतं. जलद लयीत शब्द स्पष्ट ठेवणं, तोच मुखडा सहा-सात वेळा येत असताना प्रत्येक वेळी तो किंचित चढवत नेणं, ठेक्याच्या नेमक्या डोक्यावर न बसता कधी केसभर आधी तर कधी केसभर मागे राहून नाचणाऱ्याला ओढून घेणं, वरच्या सप्तकात आवाज न फाटू देता जोर टिकवणं, आणि हे करताना मजा येत असल्याचं ऐकणाऱ्याला जाणवू देणं. शिवाय हे सगळं ती कुठे करते? बंद स्टुडिओत, काचेमागे, कानाला हेडफोन लावून. समोर ना नाचणारी माणसं, ना ढोलकीवाला. बहुतेक वेळा साथीदार गायकही त्या दिवशी हजर नसतो, त्याचा भाग आधी किंवा नंतर गायला जातो. गर्दी नसताना गर्दीचा जोश गळ्यात आणायचा असतो. ख्यालगायनाची उंची वेगळी आहे, ती कोणी नाकारत नाही. पण कठीण गोष्ट सहज करून दाखवणं ही कलेची कसोटी मानली, तर नाचाचं गाणं तिला उतरतं.

मराठी परंपरेला हे मुळीच अनोळखी नाही. सुलोचना चव्हाण यांना आचार्य अत्रे यांनी लावणीसम्राज्ञी म्हटलं. डोक्यावर पदर घेऊन, जागच्या जागी उभं राहून, केवळ शब्दफेकीच्या बळावर त्यांनी सभागृहं डोलवली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या गेल्या. १९७२ च्या ‘पिंजरा’तल्या लावण्या उषा मंगेशकर यांनी गायल्या, आणि १९७७ च्या ‘इन्कार’मध्ये हेलन ज्या गाण्यावर नाचली ते ‘मुंगळा’ही त्यांचंच. आज ‘मुंगळा’ म्हटलं की हेलन आठवते, तिची कोळणीची वेशभूषा आठवते. गळा मंगेशकरांच्या घरातला होता हे किती जणांना सांगता येईल?

नाव कुठे गळतं हे समजून घ्यायचं तर ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात थोडं मागे जावं लागतं. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांची गाणी मुद्रित झाली, तेव्हा गाणं संपताना त्या स्वतःच आपलं नाव उच्चारत. तबकड्या परदेशात तयार व्हायच्या, तिथल्या कारागिरांना लेबल लावताना गायिका कळावी म्हणून ही सोय. सोय व्यावहारिक होती, पण तिच्यामुळे नाव गाण्याच्या आतच राहिलं. बोलपट आले आणि पार्श्वगायन रुजलं तसं हे पालटलं. १९४९ च्या ‘महल’मधल्या प्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर लता मंगेशकर यांचं नाव नव्हतं, पडद्यावरच्या पात्राचं, कामिनीचं होतं. गाणं आकाशवाणीवर लागलं आणि गाणारी कोण हे विचारणारी श्रोत्यांची पत्रं येऊ लागली. तेव्हा कुठे नाव जाहीर झालं. हिंदी चित्रपटसंगीतातलं सर्वांत मोठं नाव आधी श्रोत्यांनी विचारलं, मग कंपनीनं छापलं, हे विसरून चालणार नाही.

कॅसेटच्या काळात चित्र पुन्हा बदललं. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेट खेड्यापाड्यांत पोचल्या आणि त्यांच्या कव्हरवर गायकाचाच फोटो असायचा. पानाच्या टपरीवर लटकणाऱ्या कॅसेटवरून प्रल्हाद शिंदे, त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद शिंदे, विठ्ठल उमप ही नावं घराघरांत गेली. आनंद शिंदे यांचं पोपटाचं गाणं कोणी गायलंय हे त्या काळात कोणालाही माहीत होतं, कारण ऐकण्यासाठी जी वस्तू हातात धरावी लागे तिच्यावर ते लिहिलेलं होतं. या घरात पुढे आदर्श शिंदे गाऊ लागले आणि तिसऱ्या पिढीनंही नाव टिकवलं. मग व्हिडिओ आला, चेहरा अभिनेत्रीचा झाला. एमपीथ्रीच्या काळात एका सीडीवर दीडशे गाणी आली, आणि फाइलीच्या नावात गाण्याचा मुखडा उरला, गायक गेला. आता तीस सेकंदांच्या रीलमध्ये तेवढाच तुकडा वाजतो. आवाज मात्र प्रत्येक टप्प्यावर आधीपेक्षा दूर पोचला.

परदेशात याच प्रश्नावर एक लढा झाला. मार्था वॉश ही अमेरिकन गायिका. १९९० च्या सुमारास सी अँड सी म्युझिक फॅक्टरी आणि ब्लॅक बॉक्स या दोन गटांच्या जगभर गाजलेल्या नाचाच्या गाण्यांत मुख्य आवाज तिचा होता. व्हिडिओत मात्र दुसऱ्याच तरुणी ओठ हलवत नाचत होत्या आणि मार्थाचं नाव नव्हतं. ती न्यायालयात गेली. कंपन्यांना तडजोड करावी लागली आणि गाणाऱ्याचं नाव देणं हा अमेरिकन संगीतधंद्यातला शिरस्ता झाला. या प्रकरणाची तिथे आजही आठवण काढली जाते, कारण डान्स-पॉपचा सगळा डोलारा ज्या गळ्यावर उभा होता तोच झाकण्यात आला होता. आपल्याकडे पार्श्वगायनाला कोणी फसवणूक मानत नाही, आपली प्रथा वेगळी आहे आणि ती उघड आहे. पण प्रथा उघड असली म्हणून नाव घेण्याची गरज संपत नाही, उलट ती वाढते.

आपला कायदा याबाबत बराच पुढे आहे, हे फारसं बोललं जात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं सादरकर्त्याचा म्हणून एक वेगळा हक्क आला. २०१२ च्या दुरुस्तीनं त्यात दोन मोठ्या गोष्टी घातल्या. कलम ३८-अ नुसार चित्रपटासाठी गाऊन दिल्यानंतरही गाण्याचा व्यावसायिक वापर झाला तर गायकाला रॉयल्टी मिळायला हवी. कलम ३८-ब नुसार आपलं सादरीकरण आपल्या नावानं ओळखलं जावं, असा गायकाचा नैतिक हक्क आहे, वापराच्या स्वरूपामुळेच नाव देणं शक्य नसेल तेवढा अपवाद. साठच्या दशकात रॉयल्टीच्या प्रश्नावर लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात असा दुरावा आला होता की काही वर्षं दोघांनी एकत्र गाणं सोडलं होतं. तो प्रश्न कायद्यात उतरायला अर्धं शतक लागलं. त्यानंतर २०१३ मध्ये गायकांच्या हक्कांसाठी इस्रा ही संस्था उभी राहिली.

पण याच कायद्यात नाचाच्या गाण्यापुरती एक मोठी खिडकी उघडी आहे. कलम ५२ मधल्या एका पोटकलमानुसार खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात वाजवलेल्या संगीतानं हक्कभंग होत नाही, आणि धार्मिक समारंभात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर सोहळे येतात, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे ख्याल सभागृहात तिकिटावर होतो, गझलेची मैफल प्रायोजकाच्या पैशावर होते, तर नाचाचं मराठी गाणं जिथे सर्वांत जास्त वाजतं ती वरात, हळद आणि मिरवणूक ही तिन्ही ठिकाणं कमाईच्या हिशोबाबाहेरची. या सवलतीची हद्द कुठवर, यावरून कंपन्या, हॉटेलं आणि सरकारं यांच्यात वाद चालू आहेत. गोवा सरकारनं लग्नसोहळ्यांना परवान्याची गरज नाही असं परिपत्रक काढलं होतं, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २०२४ मध्ये रद्द केलं. वादाचा निकाल काहीही लागो, ज्या गाण्यावर महाराष्ट्र सर्वांत जास्त नाचतो, त्याचा गायकाच्या मिळकतीशी असलेला धागा सर्वांत बारीक आहे.

यावर कोणी म्हणेल, मग काय, गरिबाच्या हळदीत गाणं लावायलाही पैसे मागायचे? मुळीच नाही. लग्नघराला दिलेली सवलत योग्य आहे आणि ती राहावी. सण-समारंभातलं गाणं समाजाचं असतं, ही आपली जुनी समजूत आहे आणि तिच्यात मोठेपणा आहे. पण तिकीट लावून होणारे इव्हेंट, क्लब, वाहिन्या, गाण्यांची ॲप, जाहिराती हे काही लग्नघर नाही. तिथे हिशोब चोख व्हावा. आणि जिथे पैसा घ्यायचा नाही तिथे निदान नाव घ्यायला काय अडचण आहे? त्याला खर्च येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि पुणेकरांच्या तोंडी तो नेहमी असतो. डॉल्बीच्या दणदणाटानं म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात, खिडक्या थरथरतात, कान दुखतात, आणि अशा संगीताची तुम्ही भलामण करता? हाल होतात हे खरं आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि मिरवणुकीत ती कुठल्या कुठे जाते. याविरुद्ध तक्रार करणारे नागरिक योग्य तेच करतात. पण भिंतीएवढा स्पीकर गायिकेनं लावलेला नसतो. उलट त्या भिंतीचा पहिला बळी तीच असते. अशा यंत्रणेत छातीत धडधडणारा बेस वाढवत नेतात, आणि तो एका मर्यादेपलीकडे गेला की गळ्याचा सगळा पट्टा त्याखाली बुडतो. शब्द जातात, हरकती जातात, उरतो तो धक्का. ज्याला गाणं ऐकू यावंसं वाटतं त्यानंच आवाज कमी करा म्हटलं पाहिजे. गाणाऱ्याची कदर आणि शेजाऱ्याची झोप यांची मागणी एकच आहे.

तिसरा आक्षेप शब्दांचा. अशी गाणी द्व्यर्थी असतात, बायकांना कमी लेखतात. काही असतात, आणि काही इतकी वाईट असतात की त्यांचा निषेधच व्हायला हवा. मात्र सरसकट सगळ्यांवर काट मारणं हे आळसाचं लक्षण आहे. पेशवाईच्या अखेरीस राम जोशी, होनाजी बाळा यांनी रचलेल्या शृंगारिक लावण्या आज विद्यापीठात शिकवल्या जातात, त्यांच्या छंदांवर प्रबंध लिहिले जातात. दोनशे वर्षांनी आदर द्यायचा आणि आपल्या काळात नाक मुरडायचं, ही पद्धत बरी नव्हे. चांगलं आणि वाईट वेगळं काढायला समीक्षा लागते, आणि समीक्षेला नावं लागतात. कोणी लिहिलं, कोणी चाल दिली, कोणी गायलं हे ठाऊक नसेल तर वाईट गाण्याबद्दल जाब तरी कोणाला विचारणार? निनावीपणाचा फायदा सर्वांत जास्त वाईट गाण्याला होतो.

आणि यंत्रांचं काय? हल्ली कोणीही गावं, सूर संगणक दुरुस्त करतो, मग गाणाऱ्याचं कौतुक कशाला? सूर सरळ करणारं ऑटो-ट्यून १९९७ मध्ये बाजारात आलं आणि आता जवळपास प्रत्येक स्टुडिओत काही ना काही प्रमाणात वापरलं जातं. ते सूर सरळ करतं, मागेपुढे झालेला शब्दही जागेवर सरकवता येतो. इतकं मान्य करूनही प्रश्न उरतोच. शब्दाचं वजन कुठे टाकायचं, कोणत्या अक्षरावर हसू सांडायचं, कुठे आवाज मुद्दाम खरबरीत करायचा, हे यंत्र ठरवत नाही. ‘दाजिबा’ आणि ‘कोंबडी’ लोकांच्या तोंडी टिकली ती सूर बरोबर होते म्हणून नव्हे. बरोबर सुरांची हजारो गाणी त्यानंतर आली आणि गेली. नाचाची गाणी अल्पायुषी असतात असं म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर आहे. एक २००२ चं, दुसरं २००६ चं. त्यांच्यावर नाचणारी बरीच मुलं ही गाणी आली तेव्हा जन्मलीही नव्हती.

आता अशी कारकीर्द चालते कशावर, याकडे वळू. एका गाजलेल्या गाण्यावर ती चालत नाही. वैशाली सामंत यांनी लावणी गायली, चित्रपटांत आणि चित्रपटांबाहेरही गायलं, स्टेज शो केले. २००८-०९ मध्ये झी मराठीवरच्या ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’मध्ये अवधूत गुप्ते यांच्याबरोबर त्या परीक्षक होत्या. त्या पर्वानं महाराष्ट्राला वेड लावलं होतं. आळंदीची कार्तिकी गायकवाड विजेती झाली, पुण्याची आर्या आंबेकर अंतिम पाच जणांत होती. अभंग, नाट्यगीत, भावगीत आणि लावणी एकाच मंचावर, एकाच मापानं मोजली जात होती, आणि मोजणाऱ्या दोघांना घराघरांत नेलं होतं ते नाचाच्या एका अल्बमनं. भजनाच्या घरातून आलेल्या मुलीला श्वास कुठे घ्यावा, शब्द कसा टाकावा हे ‘कोंबडी पळाली’ची गायिका सांगते आणि सगळा महाराष्ट्र ते मान्य करतो, यापेक्षा मोठा पुरावा काय हवा? गंमत एवढीच की वैशाली सामंत हा चेहरा बहुतेकांना ओळखू आला तो याच परीक्षकाच्या खुर्चीमुळे. ‘दाजिबा’ सहा वर्षं आधीपासून सगळ्यांच्या अंगात होतं.

आजच्या पिढीनं यातून धडा घेतलेला दिसतो. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोड यानं २०२४ मध्ये ‘गुलाबी साडी’ आणलं, पुढच्या वर्षी ‘शेकी’ आणलं. गाणं तोच लिहितो, तोच गातो, व्हिडिओतही तोच दिसतो, आणि निर्मितीत जी-स्पार्क या नावानं काम करणारा जोडीदार असतो. गाणं, गळा आणि चेहरा एकाच माणसाचे असल्यानं नाव गळायला फट राहत नाही. जळगाव जिल्ह्यातून आलेला मुलगा मराठी बोलीतलं गाणं देशभर नाचवतो, ही आनंदाची गोष्ट आहे. तरी यावरून प्रश्न सुटला असं मात्र मला वाटत नाही. ही वाट ज्याला लिहिता, गाता आणि कॅमेऱ्यापुढे वावरता येतं त्याचीच आहे. केवळ गळा असलेल्या गायिकेनं काय करायचं? सुलोचनाबाई आज विशीत असत्या आणि डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या असत्या, तर त्यांना किती जणांनी पाहिलं असतं? चेहऱ्याची अट न घालता गळ्याला मान देण्याची जी रीत पार्श्वगायनात होती ती चांगली होती, फक्त तिच्यात नाव सांभाळण्याची सोय कमी होती. ती सोय करणं चेहरा दाखवण्याच्या सक्तीपेक्षा कितीतरी सोपं आहे.

पुण्याकडून ही अपेक्षा करण्याला कारण आहे. आपलं शहर दोन्ही टोकांचं आहे. एनएच७ वीकेंडर हा संगीतमहोत्सव २०१० मध्ये इथेच सुरू झाला, सनबर्न २०१६ मध्ये गोवा सोडून केसनंदला आला, एड शीरननं २०२५ चा भारतदौरा इथूनच सुरू केला. अशा परदेशी पाहुण्यांची नावं आपल्या मुलांना स्पेलिंगसकट पाठ आहेत. सवाईच्या मंडपातल्या साथीदारांची नावं आपल्या आजोबांना पाठ होती. मधली जी माणसं आपल्याच भाषेत गातात आणि आपल्या घरचं प्रत्येक लग्न नाचतं करतात, त्यांच्याच वेळी आपण मुके होतो.

म्हणून गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. तुमच्या फलकावर अध्यक्षांचं नाव असतं, देणगीदारांचं असतं, विद्युत रोषणाई कोणाची आणि साउंड कोणाचा हेही असतं. यंदा मिरवणुकीत जी गाणी लावाल त्यांच्या गायक-गायिकांची, गीतकारांची आणि संगीतकारांची नावं त्याच फलकावर घाला, आणि गाणं लावण्यापूर्वी माइकवरून एकदा उच्चारा. वाचकांनीही हळदीला, वरातीला डीजेवाल्याला फर्माईश करताना गाण्याबरोबर गाणारीचं नाव सांगावं. ‘महल’च्या श्रोत्यांनी तर त्यासाठी पत्रं लिहिली होती.